बाटली आजही भरलेलीच

२ सप्टेंबर, सोमवार

बट्ट्याबोळ! इमारतीच्या दुरुस्तीमुळे यंदा शाळा आत्ता सप्टेंबरात उघडली आणि पहिल्याच दिवशी बाटली गळली. दप्तरात तळं साचलं.

सकाळ तशी बरी गेली होती. पाचला उठलो. ही वही मुंगीच्या आईची. पहिल्याच पानावर तिनं यादी करून ठेवली आहे – डबा, बाटली, रुमाल, पेन्सिली (टोक काढून!), खोडरबर, वह्या, वेणी. वही ओट्यावर उघडी ठेवली आणि एकेक उरकत गेलो. वेणीला वीस मिनिटं लागली. "बाबा, आई एवढं ओढत नव्हती." बरं बाई, नसेल ओढत! तरी वेळेत पोचलो. शाळेच्या फाटकाशी उगाच छाती फुगली माझी. बघ, जमलं की नाही, असं मनातल्या मनात तिच्या आईला म्हणालोसुद्धा.

दुपारी कामावर समोरच्या काकूंचा फोन. शाळा सुटल्यापासून मी घरी येईपर्यंत मुंगी त्यांच्याकडे असते. "अरे, पोरीचं दप्तर निथळतंय. रडतही नाही रे, नुसती उभी आहे."

बाटली नवी. मधल्या सुट्टीत मुंगीनं उघडली, प्यायली, झाकण तिरकं बसवलं. सहा वर्षांची पोर, आटे नीट बसले की नाही ते तिला काय कळणार! त्याचं काही नाही. वाईट वाटलं ते वह्यांचं. कव्हरं तिच्या आईनं घातलेली. गेल्या थंडीत, अंथरुणात उशीला टेकून, एकेक घडी नखानं दाबून. वर लेबल, लेबलावर शाईच्या पेनानं मुंगीचं नाव. मी म्हटलं होतं, पुढच्या वर्षाच्या वह्या आत्तापासून कशाला? तर म्हणाली, "हाताला काहीतरी काम नको का?" तिला ठाऊक होतं. मलाच तेवढं ठाऊक नव्हतं. महिन्याभरात गेली.

सातांपैकी पाच वह्यांवरची नावं फुटली. निळे डाग नुसते.

ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही, आठवायचंही नाही. मग स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडलो. पोरीसमोर! इतक्या महिन्यांत तिच्यासमोर कधी रडलो नव्हतो. तिनं टॉवेल आणला, वह्या पुसल्या, मग त्याच टॉवेलनं माझं तोंड पुसलं. "मी परत नाही सांडणार, बाबा."

३ सप्टेंबर, मंगळवार

आठ वर्षं वाफेच्या लाइनी जोडतोय. वाफ गळली तर माणूस भाजतो, तिथं "चालतंय की" चालत नाही. आजवर माझा एक जोड गळलेला नाही. आमचा वेल्डर मला घट्टू म्हणतो. आणि त्या घट्टूच्या पोरीची बाटली गळते! लाज आहे.

कामावरून रबराचा तुकडा आणला. जाड वायसर कापून झाकणात बसवला. आट्यांवर पांढरी टेप, दोन वेढे. बाटली भरली, झाकण लावलं, खाली पेपर पसरून उलटी धरली. मुंगी पेपराशेजारी पालथी पडून थेंबाची वाट बघत होती. एक नाही!

"मुंगे, आता यातून थेंब बाहेर यायचा नाही."

"आणि आला तर तू रडशील?"

"येणारच नाही म्हटलं ना!"

शाळेच्या नळाचं प्यायचं नाही, हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. सुट्टीत जादाचं काम म्हणून मीच त्या शाळेची टाकी धुवायला आत उतरलो होतो. आत काय होतं ते इथंही लिहीत नाही.

४ सप्टेंबर

दप्तर कोरडं ठणठणीत! बाटली मात्र भरलेली परत आली. नव्या वर्गात भांबावली असेल.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बाटली पुन्हा भरलेली. तिसरा दिवस.

आणि आज दुसरंच डोक्यात गेलं. वर्गातल्या कुणाच्या तरी आईनं फाटकाशी मुंगीला केक दिला. "घे गं, बिचारी, घरी कोण करून देणार तुला!" मुंगीनंच सांगितलं, अगदी त्या बाईच्या आवाजात. मग विचारलं, "बाबा, बिचारी म्हणजे काय?"

डोकं सणकलं माझं. बिचारी कोण? माझी पोर? तिला समोर बसवून सांगितलं – आपलं आपल्याला आहे. डबा आहे, बाटली आहे, पेन्सिली आहेत. कुणाकडे काही मागायचं नाही, कुणाला काही सांगत बसायचं नाही. बाईंनासुद्धा नाही. कळलं? तिनं मान डोलावली. शहाणी आहे, एकदा सांगितलं की पुरतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

काकू दारात भेटल्या. सहज म्हणाल्या, "शाळेतून आली की दोन-दोन ग्लास पाणी पिते रे तुझी पोर. गटागटा. श्वास घ्यायला थांबत नाही."

काकूंना काय, त्या कौतुकानं बोलल्या. म्हणजे तहान लागते. काकूंच्या हातचं पाणी चालतं. मी भरून दिलेलं चालत नाही.

आज पाच मिनिटं नुसता ओट्याशी उभा होतो. त्याच नळाचं, त्याच पातेल्यात उकळलेलं पाणी. तिची आई भरायची तेही हेच. बाटली काय ती वेगळी! आधीची प्लास्टिकची होती, तिला चीर गेली म्हणून ही आणली. वास येतो का म्हणून हुंगून पाहिलं. काही नाही.

१२ सप्टेंबर

आज लिंबाचं सरबत दिलं. साखर बोटभर जास्त. तिचं आवडतं. सकाळी वाटीतलं चाखून "वा!" म्हणाली, टाळी दिली.

संध्याकाळी बाटली उघडून पाहिली. गळ्यापर्यंत भरलेली. सरबत कोमट, कडू झालेलं. उभ्या उभ्या मीच पिऊन टाकलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज चॉकलेटचं दूध. म्हटलं, याला तर नाही म्हणणार नाही! दुपारपर्यंत नासलं असणार, संध्याकाळी झाकण उघडताच भपकारा आला. एक घोट गेलेला नाही.

"का नाही प्यायलीस?"

"अशीच."

"तहान लागत नाही?"

"लागते."

"मग?"

माझ्या हातांकडे बघत बसली. मी बाटली आदळली ओट्यावर. ती दचकली. मग म्हणाली, "सोमवारी नक्की पिईन, बाबा. खरंच."

वायसर घासून धुतला, वास जाईना. नवा कापून बसवला, टेप पण नवी. एवढं मात्र माझ्या हातात आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

बरा दिवस. पुष्कळ दिवसांनी.

सकाळी दोघांनी मिळून पेन्सिलींना टोकं काढली. सालांची फुलं करून ताटलीत मांडली. मग मी नवी लेबलं काढली, म्हटलं, त्या पाच वह्यांवर नीट नावं घालू. तर वह्या छातीशी धरून बसली. "हेच राहू दे. आईचंच आहे." मी म्हटलं, अगं वाचता येत नाही काही. "मला येतं."

ठेवली तशीच.

जेवताना नवीन खूळ. दोन अंडी मागून खाल्ली, मग बाही वर करून काडीएवढा दंड माझ्या नाकासमोर. "आला का गोळा?" मी दोन बोटांनी चाचपून पाहिलं, अगदी गंभीर चेहऱ्यानं. "थोडा आलाय."

"तुझ्याएवढा कधी येणार?"

"पाणी प्यायलीस की येईल."

तिचं तोंड एवढंसं झालं. मी हसत होतो, मला वाटलं तीही हसेल. हे पाण्याचं टुमणं आता पुरे करायला हवं, सारखं तेच तेच.

१८ सप्टेंबर, बुधवार

बाईंची चिठ्ठी. "मुलगी वर्गात पेंगते. डोकं दुखतं म्हणते. पालकांनी लक्ष द्यावे." द्यावे! दुसरं काय करतोय मी?

संध्याकाळी लघवीला जाताना रडली. अंग कढत. डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "ही दिवसभर पाणी पीत नाही का?" मुंगीच म्हणाली, "घरी पिते." लघवीला जंतू लागलेत. औषध सात दिवस. दोन दिवस शाळा नाही. "पाणी, पाणी आणि पाणी. नाहीतर हे मूत्रपिंडापर्यंत जाईल, मग माझ्याकडे नाही, इस्पितळात न्यावं लागेल."

२० सप्टेंबर

घरी ग्लासनं पाणी पिते. मागून पिते. मी दिलं तरी पिते! मग बाटलीनंच काय घोडं मारलंय? शाळेत गेली की तिला आई आठवत असेल. फाटकाशी सोडायला तीच जायची ना. दुसरं काही कारण सुचत नाही मला.

२२ सप्टेंबर, रविवार

मावशी येऊन गेली. मुंगीच्या आईची थोरली बहीण, मी ताई म्हणतो. सहा तासांचा बसचा प्रवास करून आली, काकूंनी फोन केला असणार. स्वतःचं मूलबाळ नाही, मुंगीवर जीव आहे तिचा. त्याला मी नाही म्हणत नाही.

मुंगी पलीकडे काकूंकडे खेळायला गेल्यावर ताईंनी विषय काढला. "हे बघा, तुम्ही कमी पडता असं नाही म्हणत मी. पण पोर वाळून चाललीये. माझ्याकडे राहू दे वर्षभर. शाळा घराला लागून आहे."

मी म्हटलं, ताई, ती माझी मुलगी आहे.

"म्हणूनच म्हणते."

शेवटी तोंडातून गेलं – पुन्हा आजारी पडली तर मीच आणून सोडीन. कशाला बोललो! जीभ जरा आवरत नाही माझी. ताई म्हणाल्या, "ठीक आहे," आणि मुंगीसाठी आणलेल्या बाहुलीची पिशवी पलंगावर ठेवून निघाल्या.

आता बाटली म्हणजे नुसती बाटली राहिली नाही. ती रिकामी आली तर पोर माझी.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

दारातूनच धावत आली. डोळे लकाकत होते. "बाबा, आज जवळजवळ झालं होतं!" मला इतका आनंद झाला! दप्तरातून बाटली ओढून काढली. जड. काठोकाठ.

जवळजवळ? काय जवळजवळ? मी म्हटलं, खोटं बोलतेस माझ्याशी. ती म्हणाली, "नाही बाबा, खरंच, थोडंसं..." पुढचं मी ऐकलंच नाही. काल ताईंचा फोन, आज सकाळी सुपरवायझर उशिरा आलो म्हणून बोललेला, सगळं तिच्यावर निघालं. मग नको ते विचारलं. "आईनं भरून दिली असती तर प्यायली असतीस ना?"

तिनं विचार केला. नीट विचार केला, सहा वर्षांच्या पोरीनं. आणि म्हणाली, "हो."

भांडी घासायला लागलो.

२५ सप्टेंबर

आजही भरलेलीच. मी काही विचारलं नाही. तिनं काही सांगितलं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

वेणी घालताना दिसलं, तळहात लाल. उजव्या हाताला अंगठ्याच्या मुळाशी फोड येऊन फुटलेला. झोपाळ्याच्या साखळीला लोंबकळते, दुसरं काय! मलम लावलं. म्हटलं, झोपाळा बंद आठवडाभर. "बरं," म्हणाली. हुज्जत घातली नाही. हल्ली कशालाच हुज्जत घालत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

कामावर वेल्डरला सगळं सांगितलं. चहा पितापिता ऐकून घेतलं त्यानं. "माझ्या पोरानं वर्षभर वांगं नाही खाल्लं. पोरं असतात रे हट्टी." मी म्हटलं, वांग्यावाचून कुणी मरत नाही. मग माझा पण कप त्यानंच धुऊन ठेवला.

३० सप्टेंबर

पुन्हा कणकण. सकाळी ताप नव्हता म्हणून पाठवली. बाटलीवर तिच्या बाहुलीचा स्टिकर लावून दिला. स्टिकर बघून हसली. बाटली भरलेली आली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

मैदानावर कोसळली. कवायत चालू होती, ऊन होतं. शाळेचा फोन आला तेव्हा मी पाइपाच्या मचाणावर होतो. खाली कसा उतरलो ते आठवत नाही.

इस्पितळात पोचलो तर हाताला सुई, बाटलीतून थेंब थेंब पाणी अंगात जातंय. एकशेतीन ताप. मूत्रपिंडाला सूज. डॉक्टर तरुण होता, पण बोलला कसा! "घरी पाणी देत नाही का मुलीला?"

देतो हो! रोज देतो! पहाटे उठून उकळून, गार करून, भरून देतो!

मान खाली घालून उभा राहिलो. शाळेचा शिपाई दप्तर घेऊन आला होता, ते हातात दिलं. दप्तर कोरडं होतं.

४ ऑक्टोबर

ताप उतरतोय. सकाळी सिस्टरनं ग्लास धरला तर दोन्ही हातांनी धरून प्यायली. आणखी मागितलं. सिस्टर म्हणाली, "किती शहाणी आहे हो, त्रासच नाही काही."

हो. त्रास फक्त मी बाटलीत भरून दिलेल्या पाण्याचा.

६ ऑक्टोबर, रविवार

ताई कालच आल्या. वॉर्डात खुर्चीवर बसून मुंगीचे केस विंचरत होत्या. त्यांनी त्या बोलण्याची आठवण करून दिली नाही. एक शब्द नाही. करून दिली असती तर भांडलो तरी असतो.

मीच बाहेर बाकावर येऊन म्हटलं, "ताई, घेऊन जा."

त्यांचेच डोळे भरले. "कायमचं नाही हो. जरा बाळसं धरू दे."

मी भरून दिलेलं पाणी जिच्या पोटात जात नाही, तिला मी कशाच्या जोरावर ठेवून घेऊ? सगळं केलं मी. यादीत होतं ते सगळं. पेन्सिलीचं एक टोक कधी मोडकं गेलं नाही, रुमाल रोज धुतलेला, डबा रोज संपलेला. एवढी एक बाटली जमली नाही.

७ ऑक्टोबर

मुंगीला सांगितलं. ती पलंगावर बसून बाहुलीचे बूट काढत-घालत होती. "मावशीकडे किती दिवस?" म्हटलं, थोडे. "मी पाणी प्यायले नाही म्हणून?"

नाही म्हणालो. तिला ते पटलं नाही. मलाही पटलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

गेली.

सकाळी शेवटचं सगळं भरलं. दप्तर नव्या शाळेला चालेल. सातही वह्या, त्या पाच डागाळलेल्या सगळ्यांत वर. कंपास, रंगपेटी, दोन रुमाल. पेन्सिलींना टोकं काढली, सालं गोळा करून खिशात ठेवली, का कुणास ठाऊक. सहा तासांचा प्रवास म्हणून बाटली भरली. नेहमीसारखं झाकण लावलं, उलटी करून पाहिली, पुसली.

बस सुटायला दोन मिनिटं असताना मुंगीनं खिडकीतून ती बाटली माझ्याकडे दिली. "तुझ्याकडेच ठेव, बाबा. मावशीकडे ग्लास आहेत."

इतक्या सरळ म्हणाली! रागानं नाही, रुसून नाही. समजुतीनं, मीच लहान असल्यासारखी. ताईंनी माझ्याकडे बघायचं टाळलं. बस वळेपर्यंत मुंगी हात हलवत होती, मी हातात बाटली घेऊन उभा. बाटलीचाच हात हलवला.

११ ऑक्टोबर

पाचला जाग आली. यादी उघडली आणि मग आठवलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

ताईंचा फोन. ताप नाही. "दिवसाला सहा ग्लास पिते हो, मागून मागून. काळजी करू नका." बरं झालं. बरं झालं म्हणायचं नाहीतर काय! मुंगी दोन मिनिटं बोलली. मांजर आहे म्हणे तिथं. मग विचारलं, "बाबा, तू रडत नाहीस ना?" म्हटलं, छे! सर्दी आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज माझा जोड गळला. आठ वर्षांत पहिल्यांदा. लक्ष कुठं होतं काय सांगू. वाफेचा फुस्स आवाज आला, घाईनं आवळायला गेलो तर पाना सटकला आणि उजवा तळहात पाइपाच्या धारेवर. आडवा फाटला. सहा टाके. वेल्डरनं स्वतःच्या शर्टानं हात बांधून दवाखान्यात नेलं. वाटेत थट्टा केली नाही, घट्टू म्हणाला नाही. त्यावरूनच कळलं, माझी काय अवस्था दिसत असेल.

पंधरा दिवस घरी. घरी कुणासाठी बसू?

१५ ऑक्टोबर, मंगळवार

उजवा हात गळ्यात. ओट्यावर तिची बाटली, गुरुवारपासून तशीच भरलेली. पाणी ओतून टाकावं म्हणून डाव्या हातानं झाकण फिरवलं. फिरेना. गुडघ्यांत धरली, फडका लावला, दात-ओठ खाऊन जोर केला. नाही. काकूंकडे नेली. त्यांनीही दोन्ही हातांनी पिळून पाहिलं, तोंड लाल झालं. "अरे, पाना आण तुझा! हे काय माणसाच्या हातानं उघडायचं झाकण आहे?"

मी त्यांच्या दारातच खाली बसलो.

झोपाळ्याची साखळी म्हणे! तो फोड या झाकणाचा. तिच्या आईनं भरली असती तर प्यायली असती. खरंच प्यायली असती. आई एवढं आवळत नव्हती.

बाटली उघडलेली नाही. काकू पाना शोधत होत्या, त्यांना नको म्हटलं. तशीच पिशवीत ठेवली आहे. सकाळी सहाची पहिली बस. मुंगीसमोर ठेवायची आणि सांगायचं – बघ मुंगे, मलाही नाही उघडता आली.